मेलेल्या माठाशेजारचा जिवंत माठ

सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर हे तणनाशक फवारून अठरा-वीस दिवस झाले की एकदा धुऱ्यावरून आत शिरा आणि वाकून बघा. हे औषध सावकाश मारतं. माठ नावाच्या तणाचा शेंडा आधी पिवळा पडतो, वाढ थांबते आणि मग झाड हळूहळू बसतं. अशा बसलेल्या माठापासून वीतभर अंतरावर त्याच जातीचा दुसरा माठ मात्र कधी कधी हिरवागार दिसतो. फांद्या फुटलेल्या, तुरा यायच्या बेतात. आमच्या शेजारचे नाना असं झाड उपटून हातात धरतात आणि उभ्या उभ्या निकाल देतात, "औषध डुप्लिकेट होतं."

औषध डुप्लिकेट असतं तर बाजूचा माठ कसा मेला, असं मी विचारलं. "तो तसाही मरणारच होता," नाना म्हणाले.

तण वाचण्याची कारणं बहुतेक वेळा साधीच असतात. नोझल तुंबलं किंवा चालताना ओळ सुटली, तर वाचलेलं तण सरळ पट्ट्यात दिसतं आणि त्या पट्ट्यात माठ, केना, शिप्पी अशी सगळीच मंडळी सुखाने नांदतात. तण दोन-चार पानांवर असताना फवारायचं ते गुडघ्याला पोचल्यावर फवारलं, तर एकरी ४०० मिलीला ते पुरून उरतं. फवारून तासाभरात सर आली, पाणी गढूळ होतं, डोस झाकणाने अंदाजे मोजला, फवारणीनंतर नवं तण उगवलं, यातलं काहीही असू शकतं.

शंका घ्यायची ती वेगळ्या खुणा दिसल्या तर. बाकी सगळं तण मेलंय आणि एकाच जातीचं उरलंय. त्या एका जातीतही मेलेली आणि जिवंत झाडं सरमिसळ उभी आहेत. गेल्या वर्षी खाटेएवढा असलेला ठिगळ यंदा खळ्याएवढा झालाय. आणि त्या रानात सलग काही वर्षं एकाच गटाचं औषध पडतंय. एवढं सगळं जुळलं तर तण औषधाला दाद देईनासं झालं असण्याची शक्यता धरावी. शास्त्रज्ञ अशा तणाला प्रतिकारक म्हणतात. केना ग्लायफोसेट या तणनाशकाला फारसा जुमानत नाही ती गोष्ट वेगळी. तो पहिल्यापासूनच तसा आहे. प्रतिकारक म्हणायचं ते आधी ज्या डोसला मरत होतं आणि आता त्याच डोसला मरत नाही अशा तणाला. जगभरात अशा तणांच्या २५० हून अधिक जातींची नोंद झालेली आहे.

आता ही शंका खरी की खोटी, हे पानाच्या तुकड्यावरून सांगता येतं का? काही बाबतींत येतं, आणि फार नेमकं येतं. काही बाबतींत अजिबात येत नाही. यातला फरक कळण्यासाठी आधी तण वाचतं कसं ते बघावं लागेल.

पहिली गोष्ट म्हणजे औषध तणाला प्रतिकारक बनवत नाही. लाखो झाडांत एखादं झाड मुळातच थोडं वेगळं असतं. पेशी दुभागताना जनुकाची नक्कल होते, त्या नकलेत कधी एखादं अक्षर चुकतं, आणि ते झाड इतरांसारखंच जगतं-मरतं. कुणाच्या लक्षातही येत नाही. औषध पडलं की बाकीचे मरतात आणि मोकळं रान या एकट्याला मिळतं. पुढच्या वर्षी त्याचंच बी उगवतं. औषधाने फक्त निवड केली, तीही आपल्याच पंपातून.

इमॅझेथापायर झाडातल्या एएलएस नावाच्या एका एन्झाइमला पकडतं. हे एन्झाइम झाडासाठी तीन अमिनो आम्लं तयार करतं. ते अडकलं की शेंड्याची वाढ उपाशी राहते, म्हणूनच शेंडा आधी पिवळा पडतो. औषधाने पकडणं म्हणजे काय? बोल्टवर पान्हा बसतो तसं. पान्हा बसायला बोल्टचे कोपरे शाबूत लागतात. एक कोपरा झिजला तर पान्हा सटकतो, पण बोल्ट आपलं काम करतच राहतो. प्रतिकारक तणात नेमका असा एखादा कोपरा बदललेला असतो.

हा कोपरा जनुकात दिसतो. जनुक लिहिलेलं असतं ए, टी, जी, सी या चार अक्षरांत. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, आणि प्रत्येक शब्दामागे एन्झाइमच्या माळेतला एक मणी. एएलएसच्या माळेत साधारण ६७० मणी आहेत. ५७४ व्या मण्याचा शब्द टीजीजी असतो. त्यातलं मधलं जी जाऊन टी आलं की टीटीजी होतं, मणी बदलतो, आणि पान्हा सटकतो. एवढ्या माळेत एक मणी, त्या मण्यात एक अक्षर. बाकी झाड तसंच.

(जाता जाता, हा ५७४ आकडा त्या तणाचा स्वतःचा नसतो. मोहरीच्या कुळातलं ॲराबिडोप्सिस नावाचं एक चिमुकलं रोप प्रयोगशाळांचं लाडकं आहे. एएलएसचे मणी त्याच्या माळेवरून मोजायची पद्धत पडली आहे, म्हणजे जगात कुणीही ५७४ म्हटलं की सगळ्यांना तीच जागा कळते.)

ग्लायफोसेटचंही असंच. ते ईपीएसपीएस नावाच्या दुसऱ्या एन्झाइमला धरतं. मलेशियात १९९० च्या दशकात ज्या गवताने ग्लायफोसेटला दाद देणं सोडलं, ते आपल्या नाचणीचं अगदी जवळचं रानटी नातेवाईक आहे. त्याच्या ईपीएसपीएसमध्ये १०६ व्या जागी सीसीएचं टीसीए झालेलं सापडलं. पुढे तिथेच याच जनुकात १०२ आणि १०६ अशा दोन्ही जागा बदललेली झाडं मिळाली, आणि त्यांच्यापुढे ग्लायफोसेट जवळपास पाण्यासारखं ठरलं. अमेरिकेत वॉटरहेम्प नावाच्या माठात तर वेगळीच गंमत झाली. तिथे अक्षर बदललं नाही, तीन अक्षरं गळालीच. पीपीओ नावाच्या एन्झाइमच्या माळेतला २१० वा मणी गायब झाला आणि त्याला धरणारी पीपीओ गटाची औषधं लागू पडेनाशी झाली. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

अशी नेमकी जागा ठाऊक असली की चाचणी सोपी असते. वाचलेल्या झाडाचं शेंड्याकडचं कोवळं पान खुडायचं. जुनं पान नको, त्यातला डीएनए शुद्ध निघायला त्रास देतो. पान कागदी पाकिटात घालायचं. ओलसर पान प्लॅस्टिकमध्ये कोंबलं तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्याचा चिखल होतो. प्रत्येक झाडाचं पाकीट वेगळं ठेवायचं. पाच झाडांची पानं एकत्र केली तर "बदल आहे" एवढंच कळेल, पाचांपैकी किती झाडांत आहे ते कळणार नाही. आणि किती हाच प्रश्न कामाचा असतो.

प्रयोगशाळेत पानाचा नखाएवढा तुकडा कुटून डीएनए वेगळा काढतात. मग पीसीआर. कोरोनाने हा शब्द घराघरात पोचवला, त्यामुळे फार समजवायला नको. संपूर्ण जनुकसंचातून आपल्याला हवी असलेली एकच ओळ शोधून तिच्या झेरॉक्स काढायचं हे यंत्र. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. ३० फेऱ्यांत एकाच्या १०७ कोटी. हे दोन-तीन तासांत उरकतं. मग त्या ओळीतलं एक अक्षर वाचायचं. त्यासाठी एक सुटसुटीत पद्धत अशी, की जुन्या अक्षराला एक रंग चमकेल आणि नव्या अक्षराला दुसरा. झाडात आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती असतात, म्हणून निकाल तीन तऱ्हेचे येतात. फक्त पहिला रंग, फक्त दुसरा, किंवा दोन्ही. दोन्ही रंग दिसले म्हणजे झाड निम्मं सुटलं असं समजू नका. अशा बदलांत बहुतेक वेळा एक प्रतही झाडाला वाचवायला पुरते.

आणि ती प्रत परागातून शेजारच्या रानात जाते. याला अपवादही आहे, आणि तो पहिल्याच गाजलेल्या उदाहरणातला. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका रोपवाटिकेत १९६८ मध्ये ग्राउंडसेल नावाचं तण सिमाझिन या तणनाशकाला जुमानत नाही असं दिसलं. या गटाच्या औषधांचा प्रतिकार हरितलवकातल्या जनुकात असतो, आणि हरितलवक येतं ते आईकडून. म्हणजे परागाने तो पसरत नाही, बियाण्यातूनच जातो. धुऱ्यापलीकडे काय चाललंय याची काळजी कितपत करायची, हेही बदल कोणत्या जनुकात आहे त्यावर ठरतं.

आता दुसरी वाट, जिथे अक्षर वाचून काहीच कळत नाही. याचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण माठाचंच आहे. आपण भाजी करतो तो माठ, तांदुळजा, उपासाचा राजगिरा ही सगळी एकाच घराण्यातली. त्याच घराण्यातला पामर माठ अमेरिकेच्या नैऋत्येचा आणि मेक्सिकोचा. नर-मादी झाडं वेगळी. ऊन चांगलं असेल तर दिवसाला दोन-दोन इंच वाढतो, आणि एका मोकळ्या मादी झाडाला लाखोंनी बी धरतं. अमेरिकेत १९९७ पासून ग्लायफोसेट सहन करणारा कापूस आला. शेतकऱ्यांनी बाकी सगळं सोडून वर्षानुवर्षं तेवढंच फवारलं. २००४ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या मेकन काउंटीत ग्लायफोसेटला न मरणारा पामर माठ सापडला, आणि काही वर्षांत तिथल्या कापसात पुन्हा हाताने खुरपणारे मजूर दिसू लागले. यंत्रांच्या देशात.

शास्त्रज्ञांनी त्या माठाचं ईपीएसपीएस जनुक वाचलं, तर ते ठणठणीत. १०६ व्या जागी जे असायला हवं तेच. उत्तर २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. या झाडांत जनुक बिघडलेलं नव्हतं, ते वाढलेलं होतं. साध्या झाडाच्या तुलनेत ५ पटींपासून ते १६० पटींहून जास्त प्रती. गावातल्या एकुलत्या पिठाच्या गिरणीला टाळं ठोकलं तर भाकरी बंद होतील. पण गावात शंभर गिरण्या असतील तर तुमच्याजवळची टाळी संपतील आणि पीठ चालूच राहील. झाडाने हेच केलं. मागाहून कळलं की या जादा प्रती गुणसूत्राबाहेर डीएनएच्या गोल कड्यांवर असतात, आणि पेशी दुभागताना या कड्यांची वाटणी समसमान होत नाही. त्यामुळे एकाच आईच्या बियांतून एक रोप २० प्रतींचं तर दुसरं ८० चं असं होऊ शकतं.

म्हणून इथे चाचणी बदलते. प्रश्न "कोणतं अक्षर" नसून "किती प्रती" हा असतो. पीसीआर चालू असतानाच चमक कितव्या फेरीत दिसायला लागली ते मोजतात. प्रती जास्त असतील तर चमक लवकर दिसते. ज्याच्या प्रती वाढत नाहीत अशा दुसऱ्या एखाद्या जनुकाशी तुलना करून पट काढतात. इलिनॉय विद्यापीठाच्या प्लांट क्लिनिकने शेतकऱ्यांनी टपालाने पाठवलेल्या पानांवर वॉटरहेम्प आणि पामर माठासाठी अशा चाचण्या केल्या आहेत. त्यात ग्लायफोसेटसाठी जनुकाच्या प्रती मोजायच्या, आणि पीपीओ औषधांसाठी तो गळालेला मणी शोधायचा.

आपल्याकडे ग्लायफोसेट सहन करणाऱ्या एचटीबीटी कापसाला परवानगी नाही, तरी तो विदर्भात पेरला जातो हे उघड गुपित आहे. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्यात शेतकऱ्यांनी तो जाहीरपणे पेरलाही. परवानगी द्यावी की नाही हा वाद इथे उकरत नाही. पण ज्यांना तो हवा आहे त्यांनी जॉर्जियाची गोष्ट वाचून हवा म्हणावा, एवढं मात्र वाटतं.

तिसरी वाट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिथे चाचणीचा "नाही" खोटा ठरू शकतो. त्यासाठी हरियाणात जावं लागेल.

तिथे गव्हात एक तण येतं. शास्त्रीय नाव फॅलॅरिस मायनर, शेतकरी म्हणतात मंडूसी किंवा गुल्ली डंडा. लहानपणी हे हुबेहूब गव्हासारखं दिसतं. खुरपणारे बुडखा मोडून बघतात. लालसर रस आला तर मंडूसी, नाही आला तर गहू. ओळखायलाच एवढा त्रास, त्यामुळे १९७० च्या दशकाच्या शेवटी आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक आलं तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. भातावर गहू, गव्हावर भात, आणि दर गव्हाला तेच औषध. १९९० च्या सुरुवातीला हिसारच्या हरियाणा कृषी विद्यापीठातल्या आर. के. मलिक आणि समुंदर सिंह या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की मंडूसी आता त्याला मरत नाही. जिथे प्रादुर्भाव जास्त होता तिथे काहींनी उभा गहू हिरवा असतानाच चाऱ्यासाठी कापला.

आयसोप्रोट्युरॉन प्रकाशसंश्लेषणातल्या एका प्रथिनाला धरतं. त्या काळी आजच्यासारखी पानाची चाचणी असती आणि त्या प्रथिनाचं जनुक वाचलं असतं, तर अहवाल "बदल नाही" असाच आला असता. कारण पान्हा नीटच बसत होता. फक्त तो बोल्टपर्यंत पोचतच नव्हता. मंडूसी औषध वाटेतच पचवत होती. झाडांत पी-४५० नावाचं एन्झाइमांचं मोठं कुटुंब आहे, ते परकी रसायनं तोडून निकामी करतं. हे एन्झाइम बंद पाडणारं रसायन औषधासोबत दिलं की तीच प्रतिकारक मंडूसी पुन्हा मरायला लागली. त्यावरून खरं कारण हाती लागलं. यातली गोम अशी की गहू या औषधाला मरत नाही तोही याच युक्तीमुळे. गव्हासारखं दिसणाऱ्या तणाकडे गव्हाचीच पचवायची युक्ती निघाली.

अशा पचवणाऱ्या तणाची जनुकीय चाचणी अवघड असते. पी-४५० एक-दोन नाहीत, एकेका झाडात शेकड्यांनी असतात. त्यातलं कोणतं वाढीव काम करतंय ते एका अक्षरावरून कळत नाही, आणि एका गावच्या तणात जे कारण तेच पलीकडच्या गावात असेल याचीही हमी नाही. भीतीची गोष्ट म्हणजे पचवायची सवय लागलेलं तण कधी कधी असं औषधही पचवतं जे त्या रानात आजवर पडलेलंच नाही. ब्रिटनमध्ये गव्हातल्या ब्लॅकग्रास नावाच्या तणासाठी संशोधकांनी म्हणूनच जनुक सोडून प्रथिनाकडे मोर्चा वळवला. औषध पचवणाऱ्या झाडांत वाढणारं एक प्रथिन त्यांनी हेरलं, आणि ते शेतातच ओळखणारी पट्टी बनवली, घरी गर्भचाचणीला वापरतात तशीच.

मंडूसीची गोष्ट तिथे थांबली नाही. १९९७-९८ च्या सुमाराला क्लोडिनाफॉप, फेनॉक्झाप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन अशी नवी औषधं आली. काही वर्षं बरी गेली. मग क्लोडिनाफॉपही चालेना, आणि या वेळी काही ठिकाणच्या मंडूसीत एसीसीएझ नावाच्या जनुकात खरोखरच अक्षरं बदललेली सापडली. म्हणजे एकाच तणाने एका औषधाला पचवून आणि दुसऱ्याला कोपरा झिजवून चकवलं. अहवालात "बदल आहे" आलं तर ते खरं माना. "नाही" आलं तर त्याचा अर्थ एवढाच की आम्ही ज्या जागा तपासल्या तिथे बदल नाही. औषध चालेल असा त्याचा अर्थ होत नाही. अहवाल हातात पडला की आधी बघायचं ते कोणकोणत्या जागा तपासल्या आहेत.

"आहे" आलं तर मात्र कामाची माहिती मिळते. समजा एएलएसमध्ये बदल निघाला. दुकानात सांगितलं तर पटकन उत्तर येतं, "इमॅझेथापायर चालत नाही ना, मग क्लोरिम्युरॉन घेऊन जा." नाव वेगळं, डबा वेगळा, पण दोन्हीचा बोल्ट एकच. बदल १९७ व्या जागी असेल तर क्लोरिम्युरॉनचा गट सहसा निकामी होतो, इमॅझेथापायरच्या गटाला मात्र बऱ्याचदा आशा असते. बदल ५७४ व्या जागी असेल तर दोन्हींचे पैसे वाया. मग दुसऱ्या गटाचं औषध, डवरणी, पीक फेरपालट हेच उरतं. दुसरा फायदा वेळेचा. पानाचा अहवाल काही दिवसांत येऊ शकतो, हंगाम हातात असताना.

जुनी पद्धत कुंडीची, आणि ती हंगाम गेल्यावरच जमते. पण तिचं एक आहे, तण कोणत्या वाटेने वाचलं याच्याशी तिला देणंघेणं नसतं. अक्षर बदललेलं असो, प्रती वाढलेल्या असोत की औषध पचवलेलं असो, मरतं की नाही एवढंच ती बघते. आणि ती घरी करता येते.

गेल्या दिवाळीच्या आसपास नानांनी त्या हिरव्या माठाचं बी कागदाच्या पुडीत धरून ठेवलं. मी गावाबाहेरच्या देवळामागून, जिथे कधीच औषध पडलं नाही अशा जागेवरून त्याच जातीचं बी आणलं. जूनमध्ये चार कुंड्या भरल्या, दोन नानांच्या बियाच्या, दोन देवळाच्या. रोपं तीन-चार पानांवर आल्यावर दोन्हींच्या एकेका कुंडीवर लेबलावरच्याच मात्रेने, स्वच्छ पाण्यात, मोजून इमॅझेथापायर मारलं. उरलेल्या दोन तशाच ठेवल्या, म्हणजे रोपं औषधानेच मेली की उन्हाने ते कळावं. नाना रोज सकाळी येऊन बघून जायचे.

एकविसाव्या दिवशी फवारलेल्या दोन्ही कुंड्यांतला सगळा माठ मेलेला होता. नानांचाही आणि देवळाचाही. न फवारलेल्या दोन्ही कुंड्या हिरव्या. त्या वर्षी फवारणीला दहा-बारा दिवस उशीर झाला होता हे नानांनी तेव्हा कुठे कबूल केलं, आणि आधी उगवलेला माठ तोवर हातभर झाला होता हेही.

"म्हणजे औषध चांगलं होतं," नाना कुंडीतलं वाळकं रोप चिमटीत धरून म्हणाले. मग जरा वेळाने, "मी त्या दुकानदाराशी चांगला तासभर भांडून आलो होतो रे. त्याला काही सांगू नकोस."